देवाच्या तराजूचा पासंग

माझी मुलगी शून्य मोजते, असं आमच्या कट्ट्यावरचा हेडक्लार्क म्हणायचा. हा माणूस परळहून इथे राहायला आला त्याला वीस वर्षं झाली, कचेरीतून रिटायर झाला, पण बोलतो अजून फाईल पुढे सरकवल्यासारखा. मी देवळासमोरच्या कट्ट्यावर टेकलो की विचारायचा, "काय मापारी, लेकीचा काही निकाल?"

"आला."

"काय आला?"

"शून्य."

मग तो शेजारच्याला कोपराने ढोसायचा. "इतकी वर्षं शिकली, नऊ वर्षं परदेशात मोजतेय, आणि आलं काय तर शून्य. अहो, आमच्या नातवाला गणितात तेच येतं!"

मी हसायचो नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पण मोजणं म्हणजे काय हे मला त्या माणसाने शिकवू नये. सव्वीस वर्षं मी खाडीकडच्या मिठागरावर मापारी होतो. ढिगातलं मीठ होडीत चढायच्या आधी माझ्या तराजूतून जायचं. पुढे मीठ गेलं, आगर गेलं, आमच्या मोरवा गावातलं भाताचं शेतही बिल्डरला गेलं. आता मी त्याच शेतावर राहतो, फक्त तीन मजले वर. बायको जाऊन सहा वर्षं झाली. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता येणारा एक फोन. तिकडे तेव्हा दुपार असते. फोन तीच करते. मी कधी करत नसे. बापाने आधी फोन करायचा नसतो, असा कायदा नाही, पण माझा होता.

ती काय करते हे तिने मला समजावलं होतं, एकदा सुट्टीवर आली तेव्हा, जेवताना.

"बाबा, इलेक्ट्रॉन म्हणून विजेचा एक अगदी बारीक दाणा असतो. सगळीकडे असतो. तुमच्यात, माझ्यात, या वरणात. आम्ही बघतोय, त्याच्यातली वीज बरोबर मधोमध आहे, की केसभर एका अंगाला सरकलेली आहे."

"सरकलेली असली तर कुणाचं काय जातं?"

"सरकलेली असली तर आजवर कुणी न पाहिलेलं काहीतरी जगात आहे, जे त्याला ओढतंय. आणि अजून एक." तिने ताटात भाताचे दोन ढीग केले. "जग सुरू झालं तेव्हा माल होता आणि त्याचा उलटा माल होता. दोन्ही सारखे. ते एकमेकांना भेटले की दोघंही संपतात. मग सगळं संपून जायला हवं होतं. हा भात उरला कसा?"

मी त्या ढिगांकडे बघत बसलो. मग म्हटलं, "म्हणजे देवाच्या तराजूला पासंग आहे का, ते बघताय तुम्ही."

पासंग म्हणजे काय, हे आता दुकानातल्या आकडे दाखवणाऱ्या काट्यांमुळे पोरांना कळत नाही. तराजूची रिकामी पारडीसुद्धा कधी कधी सारखी नसतात. एक किंचित खाली असतं. तो जो फरक, तो पासंग. माल घालायच्या आधीपासून तराजूतच असतो.

मुलगी हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. "हो बाबा," ती म्हणाली. "तेच. अगदी तेच." एवढ्या शिकलेल्या मुलीने मला 'अगदी तेच' म्हटलं, हे मी पुढे महिनाभर कट्ट्यावर सांगत होतो.

बघायचं कसं, तर तेही आमच्याच धंद्यातलं. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा घुमतो. वीज एका बाजूने लावायची, भोवरा किती डुलतो ते बघायचं. मग वीज उलट बाजूने लावायची, परत बघायचं. दोन्ही वेळेला सारखाच डुलला तर पासंग नाही. फरक पडला तर आहे. म्हणजे पारडी बदलून बघणं. मीठ डावीकडे आणि वजनं उजवीकडे घालून तोलायचं, मग मीठ उजवीकडे आणि वजनं डावीकडे. खोटा तराजू तिथेच सापडतो.

आणखी एक पद्धत ऐकून मी खूश झालो. मोजताना ते स्वतःचा आकडा स्वतःपासून लपवतात. खऱ्या आकड्यात मशीन एक खोटा आकडा मिसळतं, तो कुणालाच ठाऊक नसतो. सगळ्यांचं तपासून झालं, कुणाची हरकत उरली नाही, की मग तो खोटा आकडा काढून टाकतात.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"कारण माणूस आपल्याला हवा तो आकडा दिसला की तपासणं थांबवतो, बाबा."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं.

गेल्या वर्षी होळीच्या आसपास एका रविवारी तिचा आवाज वेगळा आला.

"बाबा, ऐकताय ना? आम्ही लपवलेला आकडा काढला. शून्य नाही आलं."

"मग काय आलं?"

"काहीतरी आलं. अगदी लहान. पण शून्य नाही."

"म्हणजे पासंग आहे?"

 "दिसतंय तरी तसं. हे पक्कं ठरलं ना, तर तिकडे मुंबईत मला माझी स्वतःची प्रयोगशाळा मांडून देणार आहेत. बोलणं झालंय. मी येते, बाबा. कायमची." मग लगेच म्हणाली, "पण कुणाला सांगू नका हं. अजून लिहायचंय, तपासायचंय."

"मी कशाला सांगू? माझं तोंड काय चाळणी आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी कट्ट्यावर पेढे वाटले. हेडक्लार्कला दोन दिले. म्हटलं, "खा. शून्य संपलं." वॉचमनलाही दिले. तो म्हणाला, "दादाजी, बेटी की शादी पक्की हुई क्या?" मी म्हटलं, "उससे भी बडा काम है." आता हे त्याला हिंदीत कसं समजावणार? मराठीत तरी कुठे येत होतं?

मग मी कामाला लागलो. आतली खोली बायको गेल्यापासून बंदच होती. गाद्या, पिंपं, जुने डबे. ती रिकामी केली. खिडकीला डासांची जाळी बसवली. सुताराला बोलावून लिहायचं टेबल सांगितलं, चांगलं लांब-रुंद, कागद पसरता येतील असं. सुतार म्हणाला, "आजोबा, तयार मिळतात हल्ली." मी म्हटलं, "तयार माणसांसाठी तयार टेबलं. हिचं माप वेगळं आहे." तो गेला आणि मी त्या रिकाम्या खोलीत उभा राहिलो. पाच वर्षांत पहिल्यांदा मला घरात माझ्याशिवाय आणखी कुणाची जागा दिसत होती.

पुढचे रविवार मात्र लहान होत गेले. "बरी आहेस?" "हो." "जेवलीस?" "हो." शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, ती गोष्ट सांगा ना. तराजूची."

ही गोष्ट तिला पाळण्यात होती तेव्हापासून पाठ होती. आगरावर एका वर्षी ढीग कमी भरायला लागले. ढिगावरून जितकी मापं निघायला हवीत तितकी निघेनात. शेठला तराजूचा संशय आला, म्हणजे माझा. मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा. सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, बघा. मीठ डावीकडे घालून तोललं, काटा खुणेवर. मीठ उजवीकडे घालून तोललं, काटा खुणेवर. शेठ सर्वांसमोर म्हणाला, "मापारी खरा." ही अशी गोष्ट. मी ती मुलीला परीक्षेच्या आधी सांगायचो, तापात सांगायचो, विमानात बसायच्या आधीही सांगितली.

त्या रविवारीही सांगितली. ती म्हणाली, "पारडी बदलली आणि काटा तिथेच आला. पण तेव्हा तुम्हाला खात्री कशाची होती?"

"खात्री कशाची म्हणजे? माझी."

"हं." मग हळू आवाजात म्हणाली, "इथे सगळे म्हणतायत, वीज दोन्ही बाजूंनी लावून झाली, सगळं जुळतंय, तू उगाच शंका काढतेस. तुमची गोष्ट आठवून मीही तेच म्हणते स्वतःला."

"मग झालं तर! खोलीला रंग लावतोय. पांढरा लावू की पिवळा?"

"कुठलाही, बाबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या गोष्टीचा अर्धा भाग मी तिला कधी सांगितला नव्हता. तिलाच काय, कुणालाच नाही.

त्या वर्षी तोलायची जागा बदलली होती. होड्या जिथे लागत तिथे चिखल फार, म्हणून चिखलावर जाड फळ्या टाकल्या होत्या आणि तराजूचा खांब त्या फळ्यांवर उभा केला होता. काटा कुठे थांबला हे खांबावरच्या खुणेवरून बघायचं. मीठ ज्या पारड्यात, त्या बाजूला मी फळीवर उभा राहायचो, हाताने चिमूट घालायला, चिमूट काढायला. ज्या दिवशी मी पारडी बदलून दाखवली त्याच दिवशी, संध्याकाळी सगळे गेल्यावर, माझी बायको तिथे आली. ती आगरावर टोपल्या वाहायची. आमचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. मीठ पारड्यात तसंच होतं, मी त्या बाजूला फळीवर उभा, आणि ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही पारडी बदललीत. पन तुम्ही पन मिठाबरोबर फिरलात न्हाय का?"

"म्हणजे?"

"मीठ इकडं तेव्हा तुम्ही इकडं. मीठ तिकडं तेव्हा तुम्ही तिकडं. जरा खाली उतरा बघू त्या फळीवरनं."

मी उतरलो. पारड्यातलं मीठ तेवढंच, वजनं तेवढीच. काटा खुणेवरून सरकला.

माझ्या वजनाने फळी माझ्या बाजूला दबत होती, खांब कलत होता, खूण सरकत होती. मीठ होतं त्याहून हलकं दिसायचं आणि मी वर आणखी मीठ घालायचो. ढीग तिथे कमी होत होते. आणि पारडी बदलली की मी चालत दुसऱ्या बाजूला जायचो, माझ्याबरोबर चूकही चालत जायची. मग काटा दोन्हीकडे खुणेवर येणार नाही तर काय?

पण तोवर दुपारी निकाल लागला होता. तराजू खरा, मापारी खरा, म्हणजे मीठ वाटेत जातंय. टोपल्या वाहणाऱ्यांत तारोडी गावची एक बाई होती. घरी मासळी खारवायला मूठ-दोन मुठी मीठ पदराला बांधून न्यायची. तशी सगळ्याच न्यायच्या. शेठने तिला कामावरून काढलं. ती रडली नाही, टोपली उपडी करून ठेवली आणि बांधावरून चालत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खांब फळ्यांवरून काढून बांधाच्या कोरड्या जागी रोवला आणि सगळ्यांना म्हटलं, इथे सावली बरी पडते. ढीग बरोबर भरायला लागले. शेठ म्हणाला, "बघा, चोर गेला." मी मान हलवली. सबंध आगरासमोर खरा ठरलेला माणूस मी. चोवीस तासांत खोटा कसा ठरू? बायकोने एकदाच विचारलं, "सांगणार न्हाय?" मी म्हटलं, "तू तुझं काम बघ." तिने पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त भाईंदरच्या बाजारात सुके बोंबील घ्यायचे झाले की ती त्या तारोडीच्या बाईकडूनच घ्यायची, घासाघीस न करता, ती बाई वारली तोपर्यंत. ते बोंबील तिने माझ्या ताटात वाढले नाहीत कधी. मी मागितलेही नाहीत.

सोमवार, मंगळवार मी खोलीला रंग लावत होतो. पिवळा. हात चालत होता आणि डोकं तिकडेच. तिला मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली, पारडी बदलली आणि काटा तिथेच आला की माणूस खरा. त्या गोष्टीवर उभी राहून ती तिकडे एवढं मोठं माप घेत होती. तिला शंका का येतेय ते मला तिने न सांगता कळलं होतं.

आणि हेही कळत होतं की मी गप्प बसलो तर ती येतेय. खोली तयार, टेबल तयार व्हायला आलंय. मी काही खोटं बोलत नव्हतो. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्याची मला पन्नास वर्षांची सवय. मंगळवारी संध्याकाळी ब्रश धुताना मला तिचं ते वाक्य आठवलं, हवा तो आकडा दिसला की माणूस तपासणं थांबवतो. मला हवा तो आकडा दिसला होता. दारात मला चपलांचे दोन जोड आत्ताच दिसायला लागले होते.

बुधवारी दुपारी मी फोन केला. मी, आधी. कुठलं बटण दाबायचं तेही शोधावं लागलं. तिकडे सकाळ असणार.

तिने घाबरून उचलला. "बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय! ऐक. त्या गोष्टीत मी खरा नव्हतो."

मी तिला सगळं सांगितलं. फळी, खांब, मी इकडून तिकडे चालत जाणं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो.

"आईने पकडलं?" तिने विचारलं.

"हो."

"आई कधी बोलली नाही."

"नाही बोलली."

"आणि ती बाई?"

"परत आली नाही आगरावर."

"तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"आता सांगतोय."

ती रागावेल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.  मग म्हणाली, "बाबा, आमच्या मशीनमध्ये चिनी मातीचा एक टेकू आहे. वीज लावतो त्या पत्र्याला धरायला. त्यातून अगदी किंचित वीज गळत असावी, असं मला वाटतंय. वीज उलटी लावली की गळतीही उलटी होते."

"म्हणजे ती पण बरोबर फिरते."

"हो. आणि पासंग असल्यासारखंच दिसतं. तो टेकू मी बसवलाय, बाबा. माझ्या हाताने. म्हणून मला एकटीला शंका येतेय, आणि म्हणून मलाच बोलायचा धीर होत नाहीये."

"बोललीस तर?"

"सगळं उघडायचं, काढायचं, परत मोजायचं." मग म्हणाली, "येणं लांबेल."

"किती?"

"माहीत नाही."

समोर खोलीचं दार उघडं होतं. ओल्या रंगाचा वास येत होता. मी म्हटलं, "आधी फळीवरून खाली उतर. बाकीचं मागून बघू."

तिने त्याच दिवशी तिथल्या सगळ्यांना सांगितलं, हे मला रविवारी कळलं. तिचे साहेब दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतः पाना घेऊन तिच्याबरोबर खाली बसले. टेकू बदलला. पावसाळाभर त्यांनी परत मोजलं, आकडा परत लपवला, गणपतीनंतर तो काढला. पासंग नाही. असलाच तर यांच्या तराजूला दिसेल त्याहून बारीक. आता त्याहून नाजूक तराजू बांधणार आहेत. मुंबईची जागा दुसऱ्या कुणाला गेली. तीन वर्षं, ती म्हणाली, निदान तीन. तीन वर्षांनी मी किती वर्षांचा असेन हे आम्ही दोघांनीही मोजलं असणार, पण बोललं कुणीच नाही.

मी कट्ट्यावर गेलो. हेडक्लार्कने नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, "शून्य."

"आँ? आणि ते पेढे?"

"चूक होती. हिनेच पकडली."

"मग पेढे परत द्यायचे का, मापारी?" बाकीचे हसले. मी हसलो नाही, उठूनही गेलो नाही, पूर्वी गेलो असतो. म्हटलं, "मीही एकदा अशीच चूक केली होती. ती माझ्या बायकोने पकडली. मी मात्र कबूल केली नाही." आणि तारोडीच्या बाईची गोष्ट मी तिथे बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.  हेडक्लार्क चष्मा पुसत बसला. त्या दिवसापासून तो मला लेकीचा निकाल विचारत नाही. खरं सांगायचं तर त्याने विचारावं असं वाटतं. तेवढंच तिच्याबद्दल बोलणं व्हायचं.

टेबल आलं, सुतार थोडंच थांबणार होता. ते मी खिडकीखाली लावलं आहे आणि हे त्यावरच लिहितोय. सुरुवातीला त्याच्यावर पेन्सिल ठेवली की खिडकीकडे घरंगळायची. सुताराला फोन करून चार शब्द सुनावणार होतो. मग थांबलो. टेबल उलटं फिरवून लावलं, आधी इकडची बाजू तिकडे. पेन्सिल तरी खिडकीकडेच. मग मी खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेलो आणि तिथून बघितलं. तरी खिडकीकडेच. म्हणजे टेबल बरोबर आहे, मीही बरोबर आहे, जमिनीलाच उतार आहे. सुतार सुटला.

आता दोन पायांखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. रविवारी हे तिला सांगायचं आहे. ती विचारेल, उठून बघितलंत ना? मी म्हणेन, बघितलं.

आज गुरुवार आहे.